ऐकायचं काम

घरात बेल बसवली ती धाकट्याने, आणि तिचं सगळ्यात जास्त कौतुक केलं तेही धाकट्यानेच.

बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला डावा हात, आणि त्यातही धड म्हणावा असा फक्त अंगठा. ज्या माणसाने सारी हयात क्रेनच्या केबिनमध्ये बसून टनावारी लोखंड तान्ह्या पोराला पाळण्यात ठेवावं तसं जमिनीवर टेकवलं, त्याला आता घोटभर पाणी हवं असलं तरी छताकडे बघत वाट पाहावी लागे. धाकट्याला ते बघवेना. तो पडला प्रोग्रॅमर; चार वायरी जोडणं म्हणजे त्याच्या हातचा मळ. त्याने बाबांच्या अंगठ्याखाली बरोबर बसेल असं एक बटण केलं आणि घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक डबी लावली. बाबांनी बटण दाबलं की साऱ्या डब्या एकदम वाजायच्या.

"म्हणजे कसं, जो मोकळा असेल तो उठेल," धाकटा म्हणाला. "एकट्या ताईवर भार नको."

ऐकायला काय, सगळंच गोड लागतं. पहिल्या काही दिवसांत झालं असं, की बेल वाजली की एक तर सगळेच उठायचे आणि बाबांच्या दारात एकमेकांवर आपटायचे, नाहीतर कुणीच उठायचं नाही. दादाला वाटायचं धाकटा गेला असेल, धाकट्याला वाटायचं बायको गेली असेल, बायकोला वाटायचं बाप माझा आहे का, ज्यांचा आहे ते बघतील. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. इथे तर घरचाच म्हातारा तहानेला राहायला लागला. उठायची ती शेवटी ताईच.

मग हळूहळू एकेक डबी मुकी झाली. डबीला बाजूला एक खटकी होती. ती खाली केली की बाकी सगळं चालू, फक्त आवाज बंद. पहिली खटकी दादाने खाली केली. तो छापखान्यात रात्रपाळीला. दिवसा झोपला नाही तर मशीनमध्ये हात जायचा, आणि हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मग धाकट्याने स्वतःच्या खोलीतली खटकी खाली केली, कारण घरून काम असेल त्या दिवशी मीटिंगमध्ये मध्येच टर्रर्र वाजलं की साहेब विचारायचे, "काय रे, फॅक्टरीत बसलायस का?" स्वयंपाकघरातली धाकट्याच्या बायकोने केली. दादाच्या पोराला वर नवी खोली काढून दिली, तिची वायर दादाच्या खोलीतूनच ओढली, त्यामुळे तिथली डबी जन्मापासूनच मुकी. त्या पोराला भिंतीवरचं ते काय आहे हेही कधी कळलं नाही.

खटकी खाली करताना प्रत्येकाच्या तोंडी वाक्य मात्र एकच होतं. "ताई आहे ना."

ताई आहेच. ताई तिघांत थोरली. लग्न राहून गेलं, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी होती, ती बाबा पडले तशी तिने सोडली. तिच्या खोलीतली डबी कायम चालू. धाकट्याने त्या डबीला एक लाल दिवा जास्तीचा लावून दिला. ताई अंघोळीला गेली, कपडे वाळत घालायला गेली आणि तेवढ्यात बेल वाजून गेली, तर दिवा लागून राहायचा. ताईने येऊन डबीवरचं बटण दाबलं की विझायचा. बाबांनी एकदा दाबलं काय नि वीसदा दाबलं काय, दिवा तोच, तेवढाच लाल.

"किती वेळा दाबलं ते नाही का कळत?" ताईने तेव्हाच विचारलं होतं.

"कशाला कळायला हवं? बोलावलंय एवढं कळलं की पुरे," धाकटा म्हणाला.

तर ताई तिच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसायची. मांडीवर कधी पुस्तक, कधी उसवलेला सदरा. तिची पानं उलटायची, सुई चालायची, पण एक कान कायम पलीकडच्या खोलीत. बेल वाजायच्याही आधी बाबांच्या श्वासावरून तिला कळायचं की आता कूस बदलायला हवी. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र दिसायचं ते एवढंच, की बाई खुर्चीत बसली आहे.

आणि बसलेलं माणूस घरात कुणाला बघवतं हो?

धाकट्याच्या बायकोचा पडदे शिवायचा धंदा होता. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये मोटारीवर चालणारी तीन शिलाई मशीनं. धंदा बाईने स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता, त्याबद्दल तिला नावं ठेवायची सोय नाही. एका मोठ्या हॉटेलची ऑर्डर आली, आणि नेमकी एक शिवणारी बाई सोडून गेली. जेवताना विषय निघाला. विषय काढला बायकोने, पण तोडगा काढला धाकट्याने.

"ताईला बसव की कडा शिवायच्या ओव्हरलॉक मशीनवर. तिचा हात चांगला आहे."

"ताईचं काय, महाराणीच आहे आपली," दादा ताटावरून मान वर न करता म्हणाला. "नुसती खुर्ची झिजवते. तिचाही वेळ जाईल."

ताई वाढत होती. ती थांबली. "मी नुसती बसलेली नसते रे. मी ऐकत असते."

सगळे हसले. दादाला तर ठसका लागला. "ऐकत असते! मग आम्ही काय बहिरे आहोत? आम्हीपण ऐकतोच की. ऐकणं हे काय काम असतं का ताई?"

धाकटाही हसला. हे लक्षात ठेवायला हवं, कारण त्या ताटावर बसलेल्या साऱ्यांमध्ये ऐकणं हे काम असतं हे पक्कं ठाऊक असलेला माणूस तो एकटाच होता. त्याचाच पगार तो खात होता.

"फक्त दुपारी गं," तो म्हणाला. "दुपारी बाबा झोपलेलेच असतात. आणि शेडमध्ये मी एक डबी लावतो की. या रविवारी वायर ओढतो."

तो रविवार गेला. पुढचाही गेला. वायरीचं भेंडोळं शेडच्या दाराशी खिळ्याला लटकलेलं होतं, आणि ताई रोज दुपारी त्याच्या खालून वाकून आत जायची.

आता धाकट्याच्या ऑफिसचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

त्याची कंपनी पाणी उपसणाऱ्या पंपघरांसाठी प्रोग्रॅम लिहायची. एका पंपघरात एक प्रोग्रॅम. आणि त्या प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी कामं करणारे पुष्कळ थ्रेड. थ्रेड म्हणजे एकाच घरात राहणारे कामकरी समजा. एक पंप सांभाळतो, एक टाकीची पातळी मोजतो, एक झडपा उघडतो-मिटतो. बाहेरून प्रोग्रॅमला काही सांगायचं असेल, उदाहरणार्थ 'थांब', तर सिग्नल पाठवायचा. सिग्नल येतो तो सगळ्या घराच्या नावावर. ज्या थ्रेडने आपले कान बंद केलेले नाहीत अशा कुणातरी एकाला कॉम्प्युटर तो देऊन टाकतो, आणि कुणाला देईल याचा नेम नाही. झडप अर्धी उघडलेल्या थ्रेडच्या डोक्यात नेमका तो सिग्नल आदळला, तर झडप अर्धीच राहायची.

म्हणून जुनी, तावून सुलाखून घेतलेली रीत अशी, की घरातल्या साऱ्या थ्रेडांनी तो सिग्नल ब्लॉक करायचा, म्हणजे कानात बोळे घालायचे. नवा थ्रेड जन्माला येतो तोही जन्मदात्याचे बोळे घालूनच. आणि फक्त एक थ्रेड असा ठेवायचा की ज्याला दुसरं काम नाही. त्याने सिग्नलची वाट बघायची. सिग्नल आला की बाकीच्यांना नीट, शिस्तीत, हातातलं आवरून थांबवायचं. ऑफिसात त्या थ्रेडला सगळे 'कान' म्हणायचे. हे नाव धाकट्यानेच ठेवलेलं, आणि नव्या माणसाला तो ही रीत शिकवायचा ती बाबांच्या गोष्टीपासून.

"माझे वडील क्रेनवर होते," तो सांगायचा. "त्यांचा नियम होता. वर घे, खाली घे, डावीकडे घे, हे इशारे खालच्या एकाच ठरलेल्या माणसाचे पाळायचे. पण 'थांब' असा हात कुणीही केला, अगदी रस्त्याने जाणाऱ्याने केला, तरी थांबायचं. का ते नंतर विचारायचं. 'थांब' ऐकू आलं नाही असं कधी होता कामा नये."

गोष्ट छान होती आणि तो सांगायचाही छान. साहेब पाहुण्यांना मुद्दाम त्याच्या टेबलाशी आणत.

तर एके दिवशी सकाळी पंपघराचा माणूस ऑफिसात येऊन उभा राहिला. पायात अजून चिखलाचे बूट. टाकी भरली होती, त्याने 'थांब'चं बटण दाबलं, पंप थांबला नाही. पुन्हा दाबलं. दाबतच राहिला. पाणी टाकीवरून वाहून खालच्या रस्त्यात, रस्त्यातून एका शाळेच्या तळघरात. शेवटी त्याने तो एक सिग्नल पाठवला जो कुणालाच ब्लॉक करता येत नाही, जो विचारत नाही, आवराआवर करू देत नाही, सरळ जीव घेतो. प्रोग्रॅम मेला, पण झडपा उघड्याच राहिल्या आणि पाणी आणखी तासभर वाहिलं.

"मी काय झोपलो होतो का?" तो माणूस ओरडत होता. "बोटं दुखेपर्यंत दाबलं मी! बोटं दुखेपर्यंत!"

धाकट्याने कोड उघडलं आणि त्याला चोर सापडायला फार वेळ लागला नाही. ऑफिसात एकजण होता, त्याला सगळे वकील म्हणत, कारण कशावरही वाद घालायचा. वकिलाने 'कान' थ्रेडला मधल्या काळात दुसरं काम देऊन टाकलं होतं: रोजचा अहवाल छापायचा. त्या दिवशी प्रिंटरचा कागद अडकला. 'कान' प्रिंटरची वाट बघत उभा राहिला. इकडे 'थांब' आला. साऱ्यांच्या कानात बोळे, आणि ज्याच्या कानात नाहीत तो दुसरीकडे अडकलेला. सिग्नल तसाच दारात उभा. पेंडिंग.

साहेबांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. पंपघराचा माणूसही कोपऱ्यात बसला.

"पण मी म्हणतो, माझं चुकलं काय?" वकील म्हणाला. "तो थ्रेड दिवसभर रिकामाच असतो. नुसता बसून. सगळे राबतायत आणि एक आपला आरामात! थोडं काम दिलं तर बिघडलं कुठे?"

धाकटा ताडकन उठला. त्याचा आवाज इतका चढला की बाहेरची माणसं काचेतून बघायला लागली. "तो नुसता बसलेला नसतो! तो ऐकत असतो! बाकीच्यांनी कान बंद केलेत ते कुणाच्या जिवावर? तो ऐकतोय या भरवशावर ना? मग त्यालाच कामाला जुंपलंस तर घरात ऐकणारं राहिलं कोण?"

 वकिलाने पुढे वाद घातला नाही, हे नवलच. आणि धाकटा बोलून खाली बसला. आपण आत्ता काय बोललो, कुणाचं वाक्य बोललो, हे त्याला कळलं. शब्दसुद्धा तेच होते. जेवणाच्या ताटावर याच वाक्याला तो हसला होता.

"आणि मी इतक्यांदा दाबलं, त्याचं काय?" पंपवाल्याने विचारलं. "ते सगळे गेले कुठे?"

"ते मोजले जात नाहीत," धाकटा खाली बघत म्हणाला. "एक 'थांब' दारात उभा असला की पुढचे सगळे त्याच्यातच जमा. शंभरदा दाबलंत तरी आतल्याला दिसतं ते एकदाच."

"म्हणजे माझी घाई त्याला कळतच नाही?"

"नाही."

"मग काय कामाचं हो ते!" पंपवाला म्हणाला आणि बूट वाजवत निघून गेला.

दुरुस्ती तर अगदीच किरकोळ होती. अहवालाचं काम 'कान'कडून काढून दुसऱ्या थ्रेडला दिलं, संपलं. दुपारच्या आत झालं. साहेबांनी पाठ थोपटली.

त्या संध्याकाळी धाकटा घरी निघाला तो मनाशी पक्कं करूनच. आज बोलायचं. ताईला मशीनवरून उठवायचं. नाहीतर निदान ती वायर तरी आजच ओढायची. घरी येऊन तो तसाच मागे शेडमध्ये गेला. ओव्हरलॉकचा आवाज असा, की दारातून हाक मारली तरी ऐकू जायची नाही. दुपार टळून गेली तरी ताई वाकून शिवत होती. चार हात कापड शिवून झालं की मान उचलून घराकडे बघायची, मग पुन्हा वाकायची. मध्येच ती उठली, चपला न घालताच लगबगीने घरात जाऊन बाबांना बघून आली.

"सारखं असं उठून कसं चालेल ताई?" धाकट्याची बायको म्हणाली. तोंडाने गोडच, पण कपाळाला आठी. "शिलाई कुठे सोडली ते सापडत नाही मग. हा बघा, वाकडा गेला." आणि धाकट्याला बघून म्हणाली, "बरं झालं आलात. हॉटेलवाल्यांनी तारीख अलीकडे आणली. माझा तर जीव टांगणीला लागलाय."

धाकट्याने ताईकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, खिळ्यावरच्या भेंडोळ्याकडे बघितलं. ओठांवर आलेलं त्याने गिळलं. आता बोललो तर रात्रभर घरात धुसफूस. ऑर्डर एकदा जाऊ दे, मग बघू.

"चहा घेशील का रे?" ताईने मशीनच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"नको, तू कर तुझं," तो म्हणाला.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. ऑफिसातल्या थ्रेडची त्याला जेवढी कणव आली, तेवढी सख्ख्या बहिणीची आली नाही. थ्रेडची चूक निस्तरली नसती तर नोकरीवर आलं असतं. ताईचं काय, ताई आहेच.

ऑर्डर जायच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर सगळे असं बोलायला लागले की जणू म्हातारा रानात एकटा पडला होता. दादा वर झोपलेला. त्याचा पोरगा त्याच्या खोलीत अभ्यासाला बसलेला. धाकटा आपल्या खोलीत, कानावर हेडफोन, समोर कॉम्प्युटर; दुसऱ्या एका पंप कंपनीची मोठी माणसं पडद्यावर, आणि विषय तोच, 'कान'. पंपघराच्या फजितीनंतर साहेबांनीच त्याला सांगितलं होतं की ही रीत आता सगळ्या गिऱ्हाइकांना समजावून सांग. मागे शेडमध्ये बायको, दोन कामाच्या बाया आणि ताई.

"ताई, एवढी शेवटची जोडी संपवूनच उठा हं," बायको म्हणाली होती. "हात जोडते. टेम्पो दारात उभा आहे."

ताई कधी कुणाला नाही म्हणाली होती का? ती मान खाली घालून शिवत राहिली.

मीटिंगमध्ये मध्येच थोडी सुट्टी झाली. धाकटा हेडफोन काढून चहा घ्यायला उठला. स्वयंपाकघरात जायची वाट ताईच्या खोलीवरून. दार उघडं होतं, खुर्ची रिकामी होती, आणि डबीवरचा लाल दिवा लागलेला होता.

त्याने तो बघितला. नजरेआड झाला, लक्ष नव्हतं, अशी पळवाट त्याला नाही. तो दारात उभा राहून बघत होता. बाबांची खोली तिथून चार पावलांवर. दार लोटलेलं. आतून आवाज आला नाही, पण बाबांचा आवाज तसाही कुठे यायचा? धाकट्याने घड्याळ बघितलं. बाबांना आता बघायला गेलो की कूस बदला, पाणी पाजा, चादर ओली असेल तर तीही बदला. आणि पडद्यावर साहेब खोळंबलेले. ताई येईलच इतक्यात. तिचाच दिवा आहे तो, तिच्याचसाठी लावलाय.

त्याने कपात चहा ओतला, परत दिव्यावरून आपल्या खोलीत गेला आणि हेडफोन घातले. "तर आपण पेंडिंगपर्यंत आलो होतो," तो हसून म्हणाला. "घाबरायचं कारण नाही. सिग्नल हरवत नाही. तो फक्त थांबून राहतो."

ताईने शेवटचा पडदा संपवला, दोरा तोडला आणि घराकडे धाव घेतली. तिला दिवा दारातूनच दिसला. ती खोलीत शिरलीच नाही, सरळ बाबांकडे गेली. बाबा अर्धे पलंगावर, अर्धे कठड्यावर लोंबकळत होते. डोळे उघडे होते.

तिची किंकाळी मात्र घरातल्या प्रत्येकाला ऐकू गेली. तिला खटकी नव्हती.

डॉक्टर आले. घशात कफ अडकला म्हणाले. "झटका आलेल्यांचं होतं असं. थोडं आधी कुणी उठवून बसवलं असतं, तर..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं आणि बॅग आवरायला लागले.

ते सोडलेलं वाक्य दादाने उचललं. वरून झोपेतून उठून आलेला, डोळे तांबारलेले, आणि दुःख तर त्यालाही झालंच होतं. पण दुःख झालं की माणूस आधी शोधतो तो आपल्याहून मऊ जागा. "एक काम होतं तुला, ताई," तो सगळ्यांच्या देखत म्हणाला. "एक! आम्ही सगळे तुझ्या भरवशावर होतो."

 ताई बाबांच्या उशाशी बसली होती, त्यांचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. धाकट्याची बायको दाराला टेकून रडायला लागली. मशीनवर ताईला कुणी बसवलं हे तिला आठवत होतं, आणि ते कुणी सुचवलं हेही. ती नवऱ्याकडे बघत होती.

आता इथे धाकट्याने बोलायला हवं होतं. 'दादा, तिला कामाला मी लावलं. वायर मी ओढली नाही. दिवा मी बघितला.' तीन साधी वाक्यं. ऑफिसात वकिलावर तुटून पडायला जो घसा लागला, त्याच घशातून ती यायची होती.  पण धाकटा भिंतीकडे बघत उभा राहिला, आणि ताईवरचा बोल ताईवरच राहिला.

बाबांना अंघोळ घालून, नेऊन, सगळं उरकलं. चार दिवस माणसांची ये-जा झाली. आलेला प्रत्येकजण निघताना ताईकडे बघून जरा जास्तच मायेने बोलायचा, आणि त्या मायेत काय असायचं ते ताईला कळत होतं. "होतं असं. तुझा तरी काय इलाज, डोळा लागला असेल." डोळा लागला! ताईने कुणालाही दुरुस्त केलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी धाकटा स्क्रूड्रायव्हर घेऊन ताईच्या खोलीत आला. ताई तिच्या खुर्चीत बसली होती, दाराशी. डबीवरचा दिवा अजून लागलेला होता. त्या धांदलीत तो कुणी विझवलाच नव्हता.

"काढून टाकतो ही डबी," धाकटा म्हणाला. "उगाच डोळ्यांसमोर नको तुझ्या."

"थांब जरा."

तो थांबला.

"किती वेळा दाबलं असेल रे बाबांनी?"

धाकट्याने स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला. "त्यावरून नाही कळत, ताई. एकदा दाबलं तरी तेवढाच लागतो."

"पण तुला काय वाटतं?"

"एकदाच असेल," तो म्हणाला. "एकदाच दाबलं असेल आणि लगेच... त्यांना फार काही कळलं नसेल. तू मनाला लावून घेऊ नकोस."

 ताई दिव्याकडे बघत म्हणाली, "अंघोळ मी घातली ना त्यांना. अंगठ्याची कातडी सोलून निघाली होती. बटणाला लागलेली होती थोडी."

धाकट्याने स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

"तू त्या दिवशी घरातच होतास ना?" तिने विचारलं. रागाने नव्हे, तिचं आपलं विचारणं.

"मीटिंग होती," धाकटा म्हणाला.

"हो ना. मीटिंग होती." ताईने मान हलवली. मग हात पुढे करून डबीवरचं बटण दाबलं. दिवा विझला.

मागच्या शेडमध्ये मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने बंद पडलं, आणि धाकट्याच्या बायकोची दबकी हाक आली. ती दारापर्यंत आली होती, पण आत यायचा तिला धीर नव्हता. "ताई, तुम्हाला आत्ता म्हणू नये, पण हॉटेलवाल्यांना आणखी पडदे हवे आहेत. जमलं तर... नाही जमलं तरी चालेल."

ताई उठली. खुर्ची उचलून तिने भिंतीला लावली, पदर खोचला.

"येते," ती म्हणाली. आणि धाकट्याच्या अंगावरून पुढे जाताना, त्याच्याकडे न बघता, "आता झाले बघ मी खरी रिकामी."